दिसलं, पण ओळखलं का?

मागच्या शनिवारी सकाळी एक रिकामटेकडा उद्योग केला. २०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी कपाळावर रोखायच्या तापमापक बंदुका आल्या होत्या, त्यातली एक आमच्याकडेही होती. ड्रॉवरमध्ये पडून होती. सेल बदलले, 'शरीर' सोडून 'वस्तू' या सेटिंगवर टाकली आणि घरभर फिरलो. राउटर, लॅपटॉप, फ्रीजची मागची बाजू, खिडकीतलं ऊन. मग स्वयंपाकघरात आलो. चहाचं आधण नुकतंच उकळलं होतं. गॅस बंद करून स्टीलच्या चकचकीत पातेल्यावर बंदूक रोखली. आकडा आला ४१.

आत पाणी उकळतंय आणि पातेलं म्हणे ४१ अंश! बोट लावून बघितलं, चांगला चटका बसला. आई म्हणाली, "बिघडलंय ते, टाकून दे." पण मला शंका आली म्हणून वायरिंगची काळी चिकटपट्टी आणली, तिचा एक तुकडा पातेल्यावर चिकटवला आणि त्या तुकड्यावर बंदूक रोखली. आकडा आला ९३.

पातेलं तेच, पाणी तेच, बंदूक तीच. मग खरं काय?

बंदूक बिघडलेली नव्हती. ती तापमान मोजतच नाही. समोरून येणारे इन्फ्रारेड किरण गोळा करते आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधते. काळी पट्टी आपली उष्णता मनमोकळेपणाने बाहेर टाकते. चकचकीत स्टील मात्र पक्कं कंजूस. स्वतःची उष्णता फारशी देत नाही, उलट आरशासारखी समोरच्या भिंतीची उष्णता परतवतं. बंदुकीला हा फरक कळायला काही मार्गच नाही. इंजिनियरिंगच्या भाषेत सांगायचं तर अज्ञात राशी दोन (तापमान किती, आणि पृष्ठभाग कसा) आणि समीकरण मात्र एक. पहिल्या वर्षाच्या गणितातही अशा प्रश्नाला उत्तर नसतं.

त्या दिवशी चहा गार झाला आणि माझा अख्खा वीकएंड इन्फ्रारेडच्या इतिहासात गेला. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. माणूस उष्णता 'बघायला' शिकला त्याला सव्वादोनशे वर्षं झाली. पण उष्णतेत जे दिसतंय ते नेमकं काय आहे हे 'ओळखणं' वेगळं. त्यासाठी दुसरं समीकरण लागतं, आणि ते मिळवायला फार वेळ लागला. काही ठिकाणी त्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली. आजची गोष्ट त्या दुसऱ्या समीकरणाची.

सुरुवात १८०० साली, इंग्लंडमधल्या स्लाव या गावी. विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोवरचा, पेशाने संगीतकार, नादाने खगोलशास्त्रज्ञ. १७८१ मध्ये युरेनस शोधून तो जगप्रसिद्ध झाला होता. सूर्याचं निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरल्या की डोळ्याला जाणवणारी ऊब वेगवेगळी असते, हे त्याच्या लक्षात आलं. मग कुठल्या रंगात किती उष्णता असते ते मोजायला त्याने लोलकातून सूर्यप्रकाश टेबलावर पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तुलनेसाठी आणखी तापमापक रंगांच्या पट्ट्याबाहेर ठेवले होते. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात जास्त चढला.

त्या तापमापकांचे फुगे हर्शेलने काळे केले होते बरं का! म्हणजे मी चिकटपट्टी लावून जे केलं, ते त्याने दोनशे वर्षांपूर्वी आधीच केलं होतं. असो.

पुढची ऐंशी वर्षं लोक अधिकाधिक नाजूक तापमापक बनवत राहिले. १८२१ मध्ये सीबेकने दोन धातूंच्या सांध्याला ऊब दिली की वीज वाहते हे दाखवलं. त्यावरून इटलीत नोबिली आणि मेलोनी यांनी अशा अनेक सांध्यांचा गठ्ठा बांधला, तोच थर्मोपाइल. माझ्या बंदुकीच्या नळीत आजही त्याचंच छोटं भावंड बसलेलं आहे. मग १८८० च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या ॲलेघेनी वेधशाळेत सॅम्युअल लँगलीने बोलोमीटर केला. प्लॅटिनमची अतिशय पातळ पट्टी, ती तापली की तिचा विद्युतरोध बदलतो. पाव मैलावर उभ्या असलेल्या गायीची ऊब या यंत्राला कळायची असं सांगतात.

इथे थोडं थांबूया. लँगलीच्या यंत्राला पाव मैलावर 'काहीतरी उबदार' आहे हे कळत होतं. ती गाय आहे की घोडा आहे की शेकोटी, हे यंत्राला कळत नव्हतं. गाय आहे हे डोळ्याने बघणाऱ्या माणसाला माहीत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतापर्यंतची सगळी यंत्रं आधी स्वतः तापायची आणि मग सांगायची. त्यामुळे ती मंद होती. विसाव्या शतकात दुसरा मार्ग सापडला: किरण पडताच थेट वीज देणारे अर्धवाहक. त्यात आपल्याकडचं एक नाव अगदी सुरुवातीला येतं. कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस. गॅलेना या खनिजाच्या, म्हणजे लेड सल्फाइडच्या स्फटिकावर केलेल्या त्यांच्या डिटेक्टरचा अमेरिकन पेटंट अर्ज १९०१ चा आहे आणि पेटंट मिळालं १९०४ मध्ये. तीसेक वर्षांनी, १९३३ मध्ये, बर्लिन विद्यापीठात एडगर कुट्शरने याच लेड सल्फाइडचा इन्फ्रारेडसाठी अभ्यास सुरू केला. गॅलेना इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचं होतं. साधारण ३ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंतचे किरण त्याला कळत होते. त्याचा रोख अर्थातच लष्करी वापराकडे होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या सगळीकडे पसरली.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चायना लेक इथे विल्यम मॅकलीन या भौतिकशास्त्रज्ञाने लेड सल्फाइडचा डोळा लावून एक स्वस्त आणि साधं क्षेपणास्त्र बनवलं. त्याचं नाव साइडवाइंडर. १९५३ मध्ये त्याच्या चाचण्या यशस्वी झाल्या आणि सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर ते पहिल्यांदा खऱ्या लढाईत वापरलं गेलं. विमानाच्या इंजिनाच्या तापलेल्या शेपटीचा ते माग काढायचं.

पण त्याची अक्कल माझ्या बंदुकीइतकीच होती. समोर एक तेजस्वी ठिपका दिसला की त्याच्या मागे धावायचं, एवढंच त्याला येत होतं. सूर्य समोर आला की तेही सूर्याच्या मागे! ढगाच्या चमकत्या कडेनेही ते फसायचं. मग वैमानिकांनी जळते गोळे मागे सोडायला सुरुवात केली. इंजिनापेक्षा जास्त तेजस्वी ठिपका मिळाला की क्षेपणास्त्र तिकडे वळायचं. 'दिसणं' आणि 'ओळखणं' यांतलं अंतर इथे पहिल्यांदा जिवावर बेतणारं झालं. आणि गंमत बघा, कुणाच्या जिवावर बेतेल ते तुम्ही कुठल्या विमानात बसला आहात यावर अवलंबून!

आता थोडं भौतिकशास्त्र. कंटाळू नका, दोनच मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा असा की प्रत्येक वस्तू किरण टाकत असते, आणि ती जितकी तापलेली तितकी तिच्या किरणांची मुख्य तरंगलांबी छोटी. वीनचा नियम अगदी सोपा आहे: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये. आपली त्वचा साधारण ३०५ केल्विन, म्हणून उत्तर ९.५ मायक्रॉन. तापलेला इंजिनाचा भाग ७२५ केल्विन धरला तर ४ मायक्रॉन.

दुसरा मुद्दा हवेचा. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बरेचसे इन्फ्रारेड किरण गिळून टाकतात. पण दोन खिडक्या उघड्या राहतात. एक ३ ते ५ मायक्रॉनची, दुसरी ८ ते १२ मायक्रॉनची. लांबचं बघायचं तर याच दोन खिडक्यांतून. पहिलीला आपण मधली म्हणू, दुसरीला लांब.

दोन्ही खिडक्यांचे स्वभाव वेगळे आहेत. धूर आणि धूळ यांतून लांब खिडकीतलं जास्त चांगलं दिसतं. थंडीत गारठलेलं दृश्य असेल तरी तीच बरी, कारण गार वस्तू मधल्या खिडकीत फारच थोडे किरण टाकतात. पण हवा दमट असेल आणि अंतर जास्त असेल, तर मधली खिडकी बाजी मारते. शिवाय लेन्स तेवढीच असताना ४ मायक्रॉनची प्रतिमा १० मायक्रॉनपेक्षा अडीचपट रेखीव येते, हा प्रकाशशास्त्राचा नियमच आहे. म्हणजे मोठ्या धुरळ्यात काहीतरी आहे हे लांब खिडकी सांगणार, आणि ते नेमकं काय आहे हे मधली खिडकी जास्त चांगलं सांगणार.

मधल्या खिडकीसाठी १९५० च्या दशकात इंडियम अँटिमोनाइड हे संयुग मिळालं. लांब खिडकीसाठी मात्र चांगला पदार्थ नव्हता. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये लॉसन, नील्सन, पुटली आणि यंग या चौघांनी मर्क्युरी टेल्युराइड आणि कॅडमियम टेल्युराइड यांचं मिश्रण करून बघितलं. या मिश्रणाची कमाल अशी की कॅडमियमचं प्रमाण बदललं की त्याला दिसणारी तरंगलांबी बदलते. अगदी रेडिओचं बटण फिरवल्यासारखं! कॅडमियमचा वाटा सुमारे ३० टक्के ठेवला तर मधली खिडकी, सुमारे २२ टक्के ठेवला तर लांब. एवढ्याशा फरकाने खिडकी बदलते. म्हणजेच स्फटिक वाढवताना एवढीशी चूक झाली तर सगळंच बदलतं. त्यात पारा हा चंचल गृहस्थ, तापवलं की उडून जायला बघतो. या पदार्थाने पुढे कित्येक प्रयोगशाळांना घाम फोडला.

१९७० च्या दशकात या डिटेक्टरांची एक ओळ आणि समोर हलणारा आरसा अशी व्यवस्था झाली आणि थर्मल कॅमेरा रणगाड्यांवर, हेलिकॉप्टरांवर चढला. अमेरिकेत ठरावीक साच्याचे भाग बनवले गेले, ६०, १२० किंवा १८० डिटेक्टरांचे. रात्र आता रात्र राहिली नाही.

आता ती गाय आठवा.

१९५८ मध्ये अमेरिकन लष्कराच्या रात्र-दृष्टीच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सनने एक साधा प्रयोग केला होता. लष्करी वाहनांच्या लहान प्रतिकृती माणसांना दाखवायच्या आणि विचारायचं, काय दिसतंय? चित्रात किती बारकावा असला की माणूस 'काहीतरी आहे' म्हणतो, किती असला की 'रणगाडा आहे' म्हणतो आणि किती असला की 'अमुक जातीचा रणगाडा आहे' म्हणतो? बारकावा मोजायला त्याने काळ्यापांढऱ्या रेघांच्या जोड्या वापरल्या. वस्तूच्या लहान बाजूवर रेघांची एक जोडी मावली की 'काहीतरी आहे' कळतं. प्रकार कळायला चार जोड्या लागतात. नेमकी ओळख पटायला ६.४.

याचा अर्थ नीट बघा. एकच कॅमेरा घेतला तर वस्तू ज्या अंतरावरून 'दिसते', त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं जवळ गेल्याशिवाय ती 'ओळखता' येत नाही. मधला सगळा पट्टा म्हणजे 'काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही' असा प्रदेश. आणि तोफेचा किंवा क्षेपणास्त्राचा पल्ला या प्रदेशाच्या आत संपेल असा काही नियम नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात हे उघड झालं. अमेरिकन रणगाड्यांच्या थर्मल कॅमेऱ्यांना रात्री आणि वाळूच्या धुरळ्यात इराकी रणगाडे दिसत होते, इराक्यांना ते दिसत नव्हते. युद्ध एकतर्फी झालं. पण त्याच युद्धात लढाईत मारल्या गेलेल्या १४८ अमेरिकन सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच बाजूच्या माऱ्यात गेले. जवळजवळ चौथा हिस्सा. १७ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री एका अपाचे हेलिकॉप्टरने दोन वाहनांवर क्षेपणास्त्रं डागली. वाहनं दिसत होती, व्यवस्थित दिसत होती. ती अमेरिकन होती. दोन सैनिक मेले.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे काही वाचलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकीच्या अलार्मवर चिडतो. रात्री तीनला फोन वाजतो, उठून लॉगिन करावं तर सर्व्हर ठणठणीत. शिव्या घालून परत झोपायचं. आमच्या चुकीच्या अलार्मची किंमत म्हणजे एक मोडलेली झोप.

तर, दुसरं समीकरण आणायचं कुठून? उत्तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. दोन खिडक्या आहेत, दोन्हीतून बघा. एकाच वस्तूचे दोन आकडे मिळाले की त्यांचं गुणोत्तर बरंच काही सांगतं. जळत्या गोळ्याचं तापमान इंजिनापेक्षा फार जास्त, म्हणून छोट्या तरंगलांबीत तो अवाजवी तेजस्वी असतो. एकाच रंगात दोघंही नुसते 'तेजस्वी ठिपके'. दोन रंगांत मात्र सोंग उघडं पडतं.

ही कल्पना आकाशातून आधी वापरात आली. १९८१ मध्ये जेफ डोझियरने दाखवलं की हवामानाच्या उपग्रहाच्या दोन इन्फ्रारेड पट्ट्यांची तुलना केली, तर एका पिक्सेलपेक्षाही लहान जागेतली आग सापडते, कारण लहानशी भडकलेली आग ४ मायक्रॉनच्या आसपास ठळक उठते आणि ११ मायक्रॉनला जेमतेम. आपला २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी हाही याच वळणाचा. त्याच्या कॅमेऱ्यात ३.९ मायक्रॉनच्या आसपासची एक पट्टी आहे आणि १०.८ च्या आसपासची दुसरी. धुक्याचे बारीक थेंब पहिल्या पट्टीत थोडे कमी किरण टाकतात. दोन्हींची वजाबाकी केली की रात्रीच्या अंधारात उत्तर भारतावर पसरलेलं धुकं जमिनीपासून वेगळं दिसतं. एका पट्टीत धुकं आणि गार जमीन जवळजवळ सारखीच.

खगोलशास्त्रज्ञही हेच करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिरकॅम-२ नावाचा इन्फ्रारेड कॅमेरा बनवला. त्याचा डिटेक्टर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, इंडियम अँटिमोनाइडचा. पुण्याजवळ गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर तो लावला गेला आणि नंतर उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर. मधल्या खिडकीत वापरतात तोच पदार्थ, काम मात्र ताऱ्यांचं. तिथे रंग बदलायला एकेक गाळणी फिरवून समोर आणतात. आधी एका रंगात फोटो, मग दुसऱ्या.

तारा थांबतो हो. क्षेपणास्त्र थांबत नाही.

हीच खरी अडचण होती. दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावले तर त्यांचे कोन थोडे वेगळे. एकातला हा पिक्सेल म्हणजे दुसऱ्यातला नेमका कुठला, हे जुळवत बसायचं. गाळण्या आलटूनपालटून लावल्या तर मधल्या वेळात विमान हललेलं, पाण्यावरची चमक सरकलेली. मग गुणोत्तर काढलं तरी ते दोन वेगळ्या गोष्टींचं. दोन थ्रेडनी वेगवेगळ्या क्षणी वाचलेला डेटा एकत्र करून कुणी निर्णय घेतला, तर आम्ही त्याला बग म्हणतो.

म्हणून हवा होता एकच पिक्सेल, जो त्याच जागी दोन्ही खिडक्यांचे आकडे देईल, आणि तेही त्याच क्षणी.

युक्ती मोठी सुंदर आहे. माल्व्हर्नच्या त्या मिश्रणाचे दोन थर एकावर एक वाढवायचे. वरचा मधल्या खिडकीचा, खालचा लांब खिडकीचा. किरण आत आले की छोट्या तरंगलांबीचे वरच्या थरात अडकतात. लांब तरंगलांबीच्या किरणांना वरचा थर काचेसारखा पारदर्शक, ते आरपार जाऊन खालच्या थरात अडकतात. पीठ चाळताना एकाखाली एक दोन चाळण्या धराव्यात तसं. थरांचा क्रम उलटा करून मात्र चालत नाही. लांब खिडकीचा थर वर आला तर तो दोन्ही प्रकारचे किरण गिळून बसेल.

दोन्ही थरांचे डायोड पाठीला पाठ लावून असतात. व्होल्टेज एका दिशेने दिलं की एक थर बोलतो, उलट्या दिशेने दिलं की दुसरा. यात प्रत्येक पिक्सेलला एकच जोड पुरतो, पण थर आळीपाळीने वाचावे लागतात, अर्थात फार भराभर. दोन्ही खरोखर एकाच वेळी वाचायचे तर प्रत्येक पिक्सेलला दोन जोड लागतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी दोन्ही प्रकार करून बघितले. १९९५ मध्ये लोराल कंपनीच्या लेक्सिंग्टन इथल्या गटाने दोन्ही डायोड स्वतंत्रपणे वाचता येतील अशी रचना प्रसिद्ध केली.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. हे थर ज्या स्फटिकावर वाढवतात तो वेगळा, आणि पिक्सेल वाचणारी चिप सिलिकॉनची. दोघांना जोडतात इंडियम या मऊ धातूच्या सूक्ष्म ठिपक्यांनी. ६४० बाय ४८० चा डिटेक्टर म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल, म्हणजे निदान तेवढे ठिपके, आणि प्रत्येक ठिपका टेकलाच पाहिजे. मग हे सगळं सुमारे ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचं, नाहीतर डिटेक्टर स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होतो. थंड होताना स्फटिक आणि सिलिकॉन वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि ठिपके ताणले जातात. शिवाय साध्या काचेची लेन्स चालत नाही, कारण ३ मायक्रॉनच्या थोडं पुढे गेलं की काच म्हणजे भिंतच. जर्मेनियमसारख्या पदार्थांच्या लेन्स लागतात, आणि त्यांनी दोन्ही खिडक्यांची प्रतिमा एकाच जागी नेमकी पाडायला हवी.

पाऱ्याच्या चंचलपणाला कंटाळून काहींनी वेगळी वाट धरली. १९८७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॅरी लेव्हिनच्या गटाने नेहमीच्या गॅलियम आर्सेनाइडचे अतिशय पातळ थर रचून इन्फ्रारेड डिटेक्टर केला. त्याला क्वांटम वेल डिटेक्टर म्हणतात. इथे तरंगलांबी थरांच्या जाडीवरून ठरते. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत मूळचे श्रीलंकेचे सरथ गुणपाल यांच्या गटाने याच तंत्राने पुढे दोन पट्ट्यांचे मोठे डिटेक्टर केले. जर्मनीत फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने आणि हाइलब्रॉनच्या एआयएम कंपनीने तिसरी वाट घेतली: इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइड यांचे काही अणू जाडीचे थर शेकड्यांनी रचायचे. २००० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी ३८४ बाय २८८ चा डिटेक्टर केला. त्याचा प्रत्येक पिक्सेल ३ ते ४ मायक्रॉन आणि ४ ते ५ मायक्रॉन असे दोन रंग एकाच जागी आणि एकाच वेळी बघतो.

हेच दोन रंग का निवडले? क्षेपणास्त्राच्या धुरात तापलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो ४.३ मायक्रॉनच्या आसपास झळाळतो, म्हणजे दुसऱ्या रंगात. पाण्यावरून किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेलं ऊन पहिल्या रंगात जास्त असतं. हे डिटेक्टर मालवाहू लष्करी विमानांना येणाऱ्या क्षेपणास्त्राची सूचना देण्यासाठी बनवले गेले. एका रंगात गोदामाच्या पत्र्यावरची चमक आणि क्षेपणास्त्राची शेपटी सारखीच दिसू शकते. दोन रंगांत नाही. १९५८ मध्ये साइडवाइंडरला जो सूर्य फसवत होता, त्याला ओळखायला अर्धं शतक लागलं.

तिकडे दोन्ही मोठ्या खिडक्या एका पिक्सेलमध्ये आणण्याच्या कामाला अमेरिकन लष्कराने 'तिसरी पिढी' असं नाव दिलं. उद्देश जॉन्सनच्या पट्ट्याचाच: लांब खिडकीने धुरळ्यातून शोधायचं, मधल्या खिडकीच्या रेखीव चित्राने ओळखायचं. 'काहीतरी आहे' आणि 'अमुक आहे' यांच्यामधला प्रदेश जमेल तेवढा आकसवायचा.

इथे गोष्ट संपवायचा मोह होतो. प्रश्न होता, इंजिनियरांनी सोडवला, टाळ्या! पण १७ फेब्रुवारीच्या त्या रात्रीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. चौकशीत पुढे आलं की त्या रात्री जागेचे आकडे वाचण्यात चूक झाली होती. समोर दिसणारी वाहनं शत्रूच्या भागात आहेत असं हेलिकॉप्टरमधल्यांनी धरलं, आणि ती होती दुसरीकडे. कॅमेऱ्यात दोन रंग असते तर चित्र जास्त स्पष्ट आलं असतं, कदाचित वाहनांचा आकार ओळखूही आला असता. पण 'इथे आपलं कुणी नाही' हे एकदा डोक्यात बसलं की माणूस चित्रात तेच बघतो. दुसरं समीकरण डिटेक्टरमध्ये बसवता येतं. ते सोडवायला थांबायचं की नाही, हे अजून माणसाच्याच हातात आहे. आणि आता हळूहळू ते आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या कोडच्या हातात जातंय, म्हणून मला हा इतिहास परका वाटत नाही. स्क्रीनवर एक आकडा आला की तो खरा मानायची सवय आम्हाला फार आहे. त्याला दुसऱ्या बाजूने विचारणारा आकडा आहे का, हे विचारायची सवय कमी.

असो. फार गंभीर झालं. काळ्या पट्टीचा तो तुकडा अजून पातेल्यावर तसाच चिकटलेला आहे, आणि आईने विचारलंय की तो कोण काढणार. तिने मला नुसतं बघितलं नाही, बरोबर ओळखलंय. :)